करंगळीखालचं बटण

मलमपट्टीच्या वेळी गिटार वाजवायची, ही कल्पना माझी नव्हती. ती अच्युतची. ज्याच्या मांडीला भोक पडलंय त्यानेच युक्त्या सुचवाव्यात आणि धडधाकट माणसांनी नुसत्या माना डोलवाव्यात, अशी त्या आठवड्यात आमच्या घराची अवस्था झाली होती. मी तशी खमकी बाई. मासेवालीपासून चुलतसासऱ्यांपर्यंत कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण छप्पन्न सालच्या त्या जानेवारीत मी इतकी घाबरले होते, की चुलीवरचं भांडं उतरवताना खाली फडकं घालायची, आवाज नको म्हणून.

अच्युत माझा धाकटा दीर. कॉलेजात इंजिनियरिंग शिकत होता. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढणार असं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिरगाव पेटलं. हा गेला गर्दीत. आम्ही अडवलं असतं तरी गेलाच असता, आणि खरं सांगायचं तर आम्ही फारसं अडवलंही नाही. गोळीबार झाला. एक गोळी त्याच्या मांडीच्या मांसातून आरपार गेली. मुलांनी त्याला उचलून मागच्या जिन्याने, मोरीच्या बाजूने, आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं. हाड वाचलं होतं.

इस्पितळात नेणं शक्य नव्हतं. गोळीची जखम दिसली की पोलिसांना कळवावं लागे. मग खाटेपाशी शिपाई, आणि बरं वाटलं की तुरुंग. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा कोठडीतून परत आला तो आईला ओळखेना, असं लोक सांगत होते. खरं किती, खोटं किती, कोण विचारायला जाणार? आमच्या फणसवाडीत संचारबंदी होती आणि आमच्या बरोबर खाली, नाक्यावर, पोलिसांची लॉरी उभी होती. अच्युत त्यांच्या हाती लागता कामा नये. घरात दुसरा विचारच नव्हता.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढची रस्त्यावरची, गॅलरीची. मागची आतली, मध्ये फळ्यांची भिंत आणि एक दार. आतल्या खोलीत अच्युत. वरच्या मजल्यावर राधाबाई राहायच्या, बाळंतपणाच्या इस्पितळात नर्स होत्या. त्या रोज दुपारी आमच्याकडे यायच्या आणि जखमेत भरलेली कापडाची पट्टी चिमट्याने ओढून काढून नवी भरायच्या. ती जुनी पट्टी निघताना अच्युत ओरडायचा. मोठा शूर मुलगा, पण त्या क्षणी तोंडात उशीचा कोपरा कोंबला तरी आवाज फुटायचाच. संचारबंदीत वाडी इतकी गप्प असायची, की खालचा शिपाई काडी ओढायचा ती आम्हाला वर ऐकू यायची. मग वरचं खाली का जाणार नाही?

"वहिनी, तुम्ही गिटार वाजवा," अच्युत म्हणाला. "रियाज चाललाय असं वाटेल."

आमच्या प्रभू ज्ञातीतल्या घरांत वाद्यं नवी नाहीत. कुणाकडे ऑर्गन, कुणाकडे दिलरुबा. माझ्याकडे विजेवरची हवाईयन गिटार होती, लग्नात माहेरून आलेली. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. तिला पोट नाही, नुसती भरीव फळी. विजेशिवाय तिचा आवाज डास गुणगुणल्याइतका. अच्युतने एका जुन्या रेडिओची आतडी काढून तिच्यासाठी आवाज वाढवणारं यंत्र बनवलं होतं. आम्ही त्याला डबा म्हणायचो. डब्याला आवाजाचं एक मोठं बटण, आणि गिटारवर, उजव्या हाताच्या करंगळीखाली, दुसरं लहान बटण.

मला शिकवायला धोबीतलावाचे कायतान मास्तर यायचे. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. गोव्याचे, स्वभावाने तिखट, पण जीव लावून शिकवायचे. त्यांचा सगळा धडा त्या डब्याच्या बटणाभोवती फिरायचा. "डबो हळू असला की हात जड जाता, बाय," ते म्हणायचे. "ऐकू येत नाय म्हणून तू तारेला मारते. मग हाताला तीच सवय." आणि डबा मोठा केला की उलटं. तेव्हा हलकी टिचकीसुद्धा भिंतीपर्यंत जाते, तार खूप वेळ गात राहते, आणि तिच्याबरोबर न छेडलेल्या ताराही जाग्या होतात. कांडीची खरखर, नखीचा टकटकाट, बांगडीचा किणकिणाट, सगळंच खोलीभर होतं. म्हणून मोठ्या डब्यावर वाजवण्यापेक्षा झाकण्याचं काम जास्त. उजवा तळवा सतत तारांवर टेकायला तयार हवा.

यासाठी त्यांची एक शिक्षा होती. मी रंगात येऊन वाजवत असले की ते मागून टेबलावर पट्टी आपटायचे. दचकून माझा हात वर उडायचा आणि सगळ्या तारा कल्ला करायच्या. "दचकलीस तर हात वर नाय, खाली!" असं त्यांनी मला वर्षभर दचकवलं. शेवटी अशी सवय झाली, की स्वयंपाकघरात मांजराने भांडं पाडलं तरी माझा तळवा आपोआप मांडीवर सपाट पडायचा. अच्युत त्यावरून माझी फार टर उडवायचा.

मास्तरांना एका गोष्टीचा मात्र राग होता. करंगळीखालचं बटण बंद ठेवून तार छेडायची, आणि छेडून झाल्यावर करंगळीने ते हळूच उघडायचं. मग छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही. आवाज कुठूनसा उगवतो आणि फुगत जातो, अगदी माणसाच्या गळ्यासारखा. "हें रडप नाटकवाल्यांचं," मास्तर म्हणायचे. "माझ्या समोर करायचं नाय." त्यांच्यामागे आम्ही दोघं तेच करायचो. सासूबाई होत्या तेव्हा त्या मला "लीलेऽऽ" अशी लांब हाक मारायच्या. एकदा अच्युतने डबा मोठा केला, मी करंगळीने ती हाक काढली, आणि सासूबाई मोरीतून ओल्या हातांनी बाहेर आल्या. "मेली, मला कोण वेडावतंय?" त्यांचा चेहरा आठवून आम्ही दोन दिवस हसत होतो.

तर अशी ती गिटार मी मलमपट्टीला वाजवू लागले. पहिल्या दिवशी भीतीने डबा अगदी हळू ठेवला. मोठा आवाज ऐकून पोलीस वर आले तर? मग मास्तरांनी सांगितलं होतं तेच झालं. ऐकू येईना म्हणून मी तारांवर घाव घालू लागले. टण्, टण्, टण्. हळू डब्यावर तार लगेच मरते, त्यामुळे दोन टणत्कारांच्या मध्ये अच्युतचं कण्हणं स्वच्छ ऐकू येत होतं.

पट्टी बदलून झाल्यावर मी आत गेले. घामाने निथळत होता, तरी म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही लाकडं फोडत होतात का? डबा मोठा करा आणि हात हलका ठेवा. सूर लांबला तर मधे फट राहणार नाही."

"आणि खालची लॉरी?"

"चोरून वाजवलं तर त्यांना संशय येईल. मोठ्याने वाजवणाऱ्या बाईवर कोण संशय घेतो?"

घरात हेही होते, म्हणजे माझे यजमान मनमोहन, सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांची तर रडायची पाळी आली होती. "लीला, बटण अर्ध्यापर्यंतच ने," ते म्हणाले. प्रत्येक गोष्ट अर्ध्यापर्यंत न्यायचा त्यांचा स्वभाव. त्या वेळी मला त्यांचा राग आला, पण मीही अर्ध्यापर्यंतच नेलं.

बांगड्यांचा प्रश्न होता. मोठ्या आवाजात त्या फार किणकिणतात. एरवी मी रियाजाला काढून ठेवायची, पण घरात जखमी माणूस असताना हातातल्या बांगड्या काढायला माझं मन धजेना. अशा वेळी माणूस किती खुळचट होतो! मी त्या कोपराकडे सरकवून वेणीच्या रिबिनीने हाताला आवळून बांधल्या. पुढचे दोन-तीन दिवस बरे गेले. मी गिटारवर लांब सूर काढायची, राधाबाई आत चिमटा चालवायच्या, आणि अच्युतचा आवाज सुरात मिसळून जायचा. मात्र मला तो कळायचा. कुठे उचलतो, कुठपर्यंत चढतो, शेवटी श्वास संपतो तिथे कसा तुटतो. ते ओरडणं मी रोज ऐकत होते आणि त्याच्यावरूनच गिटार सरकवत होते. जेवताना, भाजी चिरताना, ते माझ्या डोक्यात वाजत राहायचं.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ. राधाबाई आत गेल्या, दार ओढून घेतलं. मी पुढच्या खोलीत गिटार घेऊन बसले, हे दारापाशी उभे. मी वाजवायला लागले. बरं चाललं होतं. आणि एकदम आतून असं ओरडणं आलं, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पट्टी जखमेला चिकटून बसली होती, ती निघताना कातडं घेऊन निघाली, हे नंतर कळलं. त्या क्षणी मी नुसती दचकले. आणि दचकल्याबरोबर माझा उजवा तळवा खाली आला आणि तारांवर सपाट बसला.

मास्तरांनी वर्षभर घोटून घेतलं होतं ते माझ्या हाताने इमानदारीने केलं. गिटार गप्प झाली. खोली गप्प झाली. आणि त्या शांततेत अच्युतचं उरलेलं ओरडणं एकटंच बाहेर पडलं, गॅलरीतून खाली रस्त्यावर.

माझा हात अजून तारांवरच होता. खालून कुणीतरी मोठ्याने काहीतरी म्हणालं. मग जिन्यावर बूट वाजायला लागले. आमचा जिना लाकडी, प्रत्येक पायरी बोलते. पहिल्या मजल्यावर ते थांबले नाहीत. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दार ठोठावलं. यांनी उघडलं. एक फौजदार आणि त्याच्यामागे एक वयस्क हवालदार. फौजदार तरुण होता, दाढी वाढलेली, डोळे लाल. आठवडाभर झोपला नसावा.

"कोण ओरडलं?"

मी म्हणाले, "कुणी नाही. ही गिटार होती."

"गिटार?"

"विजेवरची आहे. मी रियाज करते. रोज ऐकताच असाल तुम्ही."

"ते ऐकतो आम्ही, टिंव टिंव," फौजदार म्हणाला. "आता ओरडलं ते माणूस होतं. बाई, माणसाचं ओरडणं मला चांगलं कळतं. या आठवड्यात पुष्कळ ऐकलंय." त्याने आतल्या दाराकडे बघितलं. "आत कोण आहे?"

"कुणी नाही," हे म्हणाले. इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की लहान मुलानेही ओळखलं असतं.

"हवालदार, दार उघडा."

हवालदार दारापाशी गेला आणि त्याने कडीला हात लावला. त्या दारापलीकडे, चार पावलांवर, अच्युत उघडी जखम घेऊन पडला होता. मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. चांगला चढा, भांडणातला. "मी खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला? थांबा, वाजवून दाखवते. तोच आवाज काढते. नाही निघाला तर उघडा दार."

फौजदार का थांबला देव जाणे. थकला होता म्हणून असेल. असे किती जिने त्या दिवशी चढून झाले असतील, आणि किती दारं उघडून पुढचं पुढचं बघावं लागलं असेल. "काढा," तो म्हणाला. हवालदाराचा हात कडीवरच राहिला.

मी तार छेडली. भीतीने हात दगड झाला होता. मी इतक्या जोरात मारलं, की नुसता टण्ण असा आवाज झाला, लोखंडी पिंपावर काठी मारल्यासारखा. सुरुवातीलाच टणत्कार ऐकू आल्यावर पुढे मी कांडी कितीही सरकवली तरी काय उपयोग? ती तारच राहिली.

फौजदार हसला. "हा होय तो आवाज?"

"थांबा," मी म्हणाले. "डबा हळू आहे."

मी उठले. गिटार यांच्या हातात दिली आणि डब्यापाशी गेले. अर्ध्यावरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. डबा घूं करायला लागला. गिटार यांच्या हातात होती, कोट घासला तरी खोलीत गडगडाट व्हायचा. मी ती परत मांडीवर घेतली आणि तळवा तारांवर टेकवला तेव्हा कुठे ती शांत झाली. एवढ्या मोठ्या डब्यावर मी कधीच वाजवलं नव्हतं. नखी तारेला नुसती लागली तरी ऐकू येत होतं. माझ्या मनगटातली नाडी तळव्यातून तारांत जाते आहे आणि डबा ती सगळ्यांना ऐकवतो आहे, असं मला वाटत होतं.

करंगळीने मी गिटारवरचं बटण बंद केलं. घूं कमी झालं. तार छेडली, अगदी हलकी, दुधावरची साय बाजूला करावी तशी. काहीच ऐकू आलं नाही. फौजदाराने हवालदाराकडे मान वळवली. मग मी करंगळी फिरवली.

आवाज उगवला. कुठे सुरू झाला ते कळलं नाही, एकदम होताच. मी कांडी वर सरकवली, अच्युत उचलतो तिथून, चढतो तिथपर्यंत. माझा डावा हात लटलटत होता. रियाजात अशी कांडी कापली असती तर मास्तरांनी बोटांवर पट्टी मारली असती. इथे त्या कापण्यानेच सुरात गळा आला. आणि शेवटी, श्वास संपतो तिथे, मी करंगळी झटकन बंद केली. तो तिथेच तुटायचा.

हवालदाराचा हात कडीवरून खाली आला होता. हे भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना माहीत होतं की ही गिटार आहे. डोळ्यांसमोर बघत होते. तरी त्यांनी दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

फौजदाराचा चेहरा उतरला होता. मग म्हणाला, "पुन्हा."

मी पुन्हा काढला. या खेपेला अधिक लांब, मघाशी ऐकला तसा, कातडं सोलल्यासारखा. मला स्वतःची शिसारी आली. ज्या आवाजाने मी रोज मरत होते तोच आवाज मी बोटांनी घडवत होते, आणि तो चांगला जमावा म्हणून देवाला आळवत होते.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी मला आतून काहीतरी हालल्यासारखं वाटलं, पाय आपटल्यासारखं. पण डबा शेवटपर्यंत मोठा होता. त्या आवाजात आतलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी सूर तोडायची वेळ झाली तरी तोडला नाही, तसाच ओढत ठेवला. तोडला आणि आतून खरा आवाज आला तर? श्वास कितीही मोठा घेतला तरी माणूस इतका वेळ ओरडू शकत नाही, हे मला कळत होतं, पण करंगळी बंद होईना.

"बस!" फौजदार ओरडला. "बस करा ते!"

मी तळवा टेकवला. खोलीत फक्त डब्याचं घूं राहिलं.

फौजदाराने टोपी काढून कपाळ पुसलं. "असलं काही वाजवत जाऊ नका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मघासारखा नव्हता. "खाली माझी माणसं भरलेल्या बंदुका घेऊन उभी आहेत. हे ऐकून एखाद्याचं डोकं फिरलं तर गॅलरीत गोळी येईल. पुन्हा हा आवाज कानावर आला, मग तो गिटारचा असो नाहीतर कुणाचा, तर मी दार उघडायला सांगणार नाही. फोडीन."

तो गेला. हवालदार मागे रेंगाळला. त्याने एकदा आतल्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्या हातावर बांधलेल्या बांगड्यांकडे. "बाय, औषधाचा वास येतोय घरात," तो हळूच म्हणाला. "धूप घाला जरा." आणि दार ओढून घेऊन निघून गेला. म्हणजे त्याला कळलं होतं. फौजदारालाही कळलं असेल का? मला अजून सांगता येत नाही.

बूट खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो. मग मी डब्याचं बटण कमी करत आणलं, अगदी बंद केलं. घूं थांबलं.

आत काहीच ऐकू येत नव्हतं. कण्हणं नाही, राधाबाईंची कुजबूज नाही. रोज मलमपट्टी झाली की अच्युत काहीतरी बडबडायचा, माझ्या वाजवण्याला नावं ठेवायचा. मी वाट बघितली. तिसऱ्या सुराच्या वेळचं ते पाय आपटणं मला आठवलं. मी एवढ्या मोठ्याने वाजवत असताना आत काय झालं असेल? मला उठवेना. दार उघडलं नाही तोवर तो जिवंत आहे, असं काहीतरी खुळं माझ्या मनात आलं. शेवटी हे उठले. अर्ध्यापर्यंतच जाणारा माणूस, पण दार त्यांनी पूर्ण उघडलं.

राधाबाई खाटेवर ओणव्या होत्या आणि अच्युतचे हात धरून खेचत होत्या. त्याने स्वतःचे दोन्ही तळवे स्वतःच्या तोंडावर दाबून धरले होते, नाकासकट. चेहरा काळानिळा पडला होता. डोळे उघडे, छताला लागलेले.

"सोडत नाय ओ हा!" राधाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "जीव जाईल म्हटलं, तरी सोडत नाय!"

यांनी आणि मी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो मोठ्याने श्वास घ्यायला लागला. गालांवर त्याच्याच बोटांचे वळ उठले होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला रडू कोसळलं, ते पदर तोंडात कोंबून मी आवरलं, कारण खाली लॉरी होती.

"गेले ते," मी म्हणाले. "अच्युत, गेले. अरे, तू तर ओरडलाही नाहीस. मग तोंड कशाला दाबत होतास इतकं?"

माझ्याकडे तो अशा नजरेने बघत होता, की जणू मीच त्याला काहीतरी केलंय.

"मीच ओरडतोय असं वाटलं वहिनी," तो म्हणाला. "मी तोंड दाबलं तरी आवाज येतच होता. आणखी दाबलं. तरी थांबेना."

बोलता बोलता त्याचा हात पुन्हा तोंडाकडे गेला. राधाबाईंनी तो धरला. तो ऐकत होता. घरात काहीही वाजत नव्हतं, डबा बंद होता, पण तो मान वळवून पुढच्या खोलीकडे ऐकत होता आणि त्याच्या छातीचा भाता चालला होता. "चालू आहे का अजून?" त्याने विचारलं. "बघा ना. चालू आहे."

मी उठून बाहेर गेले, डब्याची वायर भिंतीतून काढली आणि गिटार आत घेऊन आले. ती खाटेवर त्याच्या कुशीशी ठेवली. त्याचा हात धरून तळवा तारांवर सपाट टेकवला, मास्तर माझा टेकवायचे तसा, आणि वरून माझा हात ठेवला.

"बघ," मी म्हणाले. "थांबलीय."

तारा गार होत्या आणि हलत नव्हत्या. तरी त्याने संध्याकाळपर्यंत हात काढला नाही.